झील धरणाऱ्यांची गोष्ट

(सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेतील समारोपाचं व्याख्यान. बोललेलं तसंच ठेवलं आहे, छपाईसाठी थोडी काटछाट केली आहे.)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी आयुष्यभर दोन कामं केली. दिवे लागल्यावर रात्रशाळा चालवली आणि शाळा सुटली की तिथंच पेटी काढून बसले. त्यांच्यावर बोलणारे पहिल्या कामाचा गौरव करतात आणि दुसऱ्याची छंद म्हणून एका वाक्यात बोळवण करतात. मला आज त्या दुसऱ्या कामावर बोलायचं आहे. माझ्या मते गुरुजींच्या लेखी ती दोन कामं नव्हतीच. बाराखडी शिकायला आलेला हमाल आणि पेटीभोवती बसलेला हमाल एकच होता.

संयोजकांनी विषय दिला, 'संगीत आणि आशा'. विषय गोड आहे, म्हणून जपून हाताळायला हवा. गाण्याने दुःख हलकं होतं, हे इथं कुणाला सांगावं लागणार नाही. पण दुःख हलकं होणं वेगळं आणि उद्याची आशा वाटणं वेगळं. रात्री रेडिओवर एखादं गाणं लागतं, डोळे भरतात, बरं वाटतं, झोप लागते. सकाळी उठावं तर तीच खोली, तेच कर्ज, तोच मुकादम. तेव्हा प्रश्न असा, की गाण्यामुळे पिचलेली माणसं खरोखर उभी राहिली असं कधी घडलं का, आणि घडलं असेल तर त्या गाण्यात असं काय होतं?

महाराष्ट्रात ते घडलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा. आणि जिथं घडलं तिथं मला एक गोष्ट सारखी दिसते. त्या गाण्यांत समोरच्या माणसासाठी एक ओळ राखून ठेवलेली होती. ती ओळ म्हणायला तो आला आणि म्हणता म्हणता श्रोत्यांतून उठून गाणाऱ्यांत जाऊन बसला. आजचं माझं म्हणणं एवढंच आहे. बाकीचा तासभर मी त्याचे पुरावे देणार आहे.

पोवाडा आपण सगळ्यांनी ऐकला आहे. पुढे शाहीर, हातात डफ. मागे तुणतुणं, झांज, ढोलकी आणि दोघं-तिघं झीलकरी. शाहीर चौक गातो, प्रसंग रंगवतो, आणि कडव्याच्या शेवटी आवाज वर नेऊन सोडून देतो. तो सोडलेला सूर झीलकरी उचलतात. 'जी जी' करत शेवटचे शब्द फिरवतात, तोवर शाहीर श्वास घेतो, घाम पुसतो, पुढचा चौक आठवतो. पाहणाऱ्यांचं लक्ष शाहिराकडे असतं. बक्षिसाची नोट त्याच्या फेट्याला लागते, कार्यक्रमपत्रिकेत नाव त्याचं छापतात. झीलकऱ्यांची नावं कुठंच नसतात.

पण ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत गाणं पोचत होतं ते याच माणसांमुळे. त्याहून मोठी गोष्ट अशी, की शाहिराची ओळ अवघड असते, झिलीची ओळ सोपी. शाहिराला शेकडो ओळी पाठ लागतात, झीलकऱ्याला चार शब्द. म्हणून चौथ्या कडव्याला समोर बसलेली माणसंही झील धरू लागतात. ज्याला गळा नाही, अक्षर नाही, ज्याला कुणी कधी काही विचारलेलं नाही, त्यालाही करायला एक काम मिळतं. आणि ते नेमक्या क्षणी करावं लागतं. थोडं आधी केलं तर शाहीर अडखळतो, उशीर झाला तर ताल सांडतो.

आमच्या वस्तीत असा एक झीलकरी होता. मार्केट यार्डात गोणी वाहायचा. आवाज पत्र्यासारखा. आंबेडकर जयंतीच्या आधी समाजमंदिरात तालमी चालायच्या, तेव्हा शेकोटीवर डफ शेकण्याचं काम त्याच्याकडे असे. चामडं ताणलं की नाही हे तो बोटाच्या पेराने टिचकी मारून बघायचा, कान जवळ नेऊन ऐकायचा, पुन्हा आगीवर धरायचा. गाणं सुरू झालं की मागे उभं राहून, डोळे मिटून, एक हात कानामागे. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा हा माणूस झिलीची वेळ आली की असा आवाज टाकायचा की नवी पोरं दचकत. मी एकदा त्याच्या आवाजाची स्तुती केली. तो म्हणाला, "आवाज काय बरा न्हाय माजा. पन माजी वेळ मला ठावं हाय."

मला वाटतं, पुष्कळ माणसांना आयुष्यात एवढंच हवं असतं. आपली एक वेळ असावी आणि ती आली की आपल्यावाचून काम अडावं.

आता इतिहासाकडे येऊ. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. विचार नवा होता, पण ज्यांच्यापर्यंत तो न्यायचा त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. पुस्तकं, पत्रकं यांच्या आधाराने हे काम होणार नव्हतं. मग पुढच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांनी खेड्यातल्या माणसाच्या ओळखीची वस्तू हाती घेतली, ती म्हणजे तमाशा, आणि त्यातून सत्यशोधक जलसा घडवला. आरंभीच्या जलसाकारांमध्ये भीमराव महामुनींचं नाव आवर्जून घेतलं जातं. साचा तमाशाचाच ठेवला, गण, गवळण, बतावणी, वग. ढोलकी, तुणतुणं तेच. आशय मात्र बदलला. गणात निर्मिकाला, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्याला, नमन आलं, शृंगाराच्या जागी सावकार आणि भटजी यांच्याकडून होणाऱ्या लुबाडणुकीची सोंगं आली, वगात शिकलेला शेतकरी आला.

याच वाटेने पुढे आंबेडकरी जलसा आला, आणि तिथं माझा विषय खरा उजळतो. 1927 साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, 1930 साली नाशिकला काळाराम मंदिराचा. त्या काळात नाशिक, मुंबई आणि आसपासच्या मुलखात तरुणांचे जलसे उभे राहिले. नाशिकचे भीमराव कर्डक हे त्यांतलं ठळक नाव. पुढे त्यांनी या जलशांवर पुस्तकही लिहिलं, त्यामुळे ही हकिकत आपल्या हाती राहिली. आपल्या दहा सभांची बरोबरी बाबासाहेब आंबेडकरांनी कर्डकांच्या एका जलशाशी केली, अशी आठवण जलसाकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

या मंडळींच्या हातात ही वाद्यं नवी नव्हती, हे ध्यानात घ्या. महार आणि मातंग समाजातल्या कित्येक घराण्यांत हलगी, ढोलकी, सनई पिढीजात होती. गावच्या जत्रेला, पाटलाच्या घरच्या लग्नाला, मिरवणुकीला वाजवायला जाणं हे त्यांच्याकडे गावकीच्या कामांपैकी एक होतं. बोलावलं की जायचं, दाराबाहेर उभं राहायचं, मिळेल ते पदरात घ्यायचं. कसब उत्तम होतं. पण कुठं वाजवायचं, कशासाठी वाजवायचं, हे ठरवणारे दुसरे.

जलशाने हे उलटं केलं. हात तेच, थाप तीच, पण कार्यक्रम कुठल्या वस्तीत करायचा, पदात काय सांगायचं, वगात कुणाची खिल्ली उडवायची, हे वाजवणारे स्वतः ठरवू लागले. दिवसा गिरणीत, रेल्वेत, गोदीत राबणारी पोरं रात्री तालीम करून शनिवारी गाडी पकडत. मेलेली ढोरं ओढू नका, पोरं शाळेत घाला, दारू सोडा, सभेला या, हा त्यांचा मजकूर. आजच्या कानाला तो उपदेशासारखा लागेल. पण सांगणारा त्याच चाळीतला होता, स्वतः ते करून आलेला होता, आणि झील धरणारे म्हणजे ऐकणाऱ्यांचेच मेहुणे, मावसभाऊ. आपल्यातल्याच कुणी बोट दाखवून सांगितलं की माणूस ऐकतो. जगण्याला हेतू मिळणं आपण फार मोठी, आतल्या आत घडणारी गोष्ट समजतो. इथं तो असा मिळाला. शनिवारी रात्री अमक्या गावाला पोचायचं आहे, लोक वाट बघत असतील, ढोलकीवाला मीच आहे.

या प्रवाहातलं सर्वांत मोठं नाव वामनदादा कर्डक. जन्म 15 ऑगस्ट 1922, गाव देशवंडी, तालुका सिन्नर. शाळा नाही. पोटासाठी मुंबईत आले, मिळेल ते काम केलं. विशीतला हा धडधाकट तरुण. एकदा कुणीतरी त्याच्या हाती पत्र दिलं आणि म्हणालं, वाचून दाखव. त्याला येईना. त्या दिवशी तो रडला, आणि देहलवी नावाच्या मास्तरांकडून मुळाक्षरं शिकला. अक्षर हाती आलं, मग दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं पक्की केली. 1943 साली त्याने पहिलं गीत रचलं, तेही एका हिंदी गाण्याचं विडंबन. तिथून 15 मे 2004 रोजी नाशिकला मृत्यू येईपर्यंत वामनदादा लिहीत आणि गात राहिले. गाणी किती, याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. कुणी मागितलं की वहीचं पान फाडून देत. 'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रह निघाले, 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन आलं. 'सांगत्ये ऐका' या 1959च्या गाजलेल्या चित्रपटात त्यांचं गीत आहे. 1993 साली वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. पत्र वाचता न आलेला माणूस साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसला.

पण मला त्यांच्या कामाची पद्धत महत्त्वाची वाटते. वामनदादांनी आणि त्यांच्या बरोबरच्या बहुतेक भीमशाहिरांनी चाली सर्रास उचलल्या. सिनेमाच्या, लावणीच्या, कव्वालीच्या. यावर नाकं मुरडणारे पुष्कळ होते, आजही आहेत. उसनी चाल, कसली आली मौलिकता? अहो, गणित बघा. नवी चाल असेल तर ऐकणाऱ्याला दोन गोष्टी शिकाव्या लागतात, सूर आणि शब्द. चाल ओळखीची असेल तर निम्मं काम आधीच झालेलं असतं. ओळ कुठं चढते, कुठं थांबते, पुन्हा धृपदावर कधी येते, हे त्याच्या कानाला पाठ असतं. शब्द तेवढे नवे. म्हणून दुसऱ्या फेरीला पुढची रांग म्हणू लागते, तिसऱ्या फेरीला मागची, आणि सकाळी धुणं धुताना बायकांच्या तोंडी तेच गाणं असतं. कालपर्यंत ज्या चालीवर नायक नायिकेच्या मागे फिरत होता, त्याच चालीवर आज ही माणसं शाळेचं, हक्काचं, माणुसकीचं बोलताहेत. उसन्या चालीने गाण्याचं दार उंबऱ्यासकट खाली आणलं. आत यायला वाकावं लागू नये म्हणून.

दुसऱ्या बाजूला मुंबईच्या कामगार वस्त्यांत 1944 साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. शाळेत दीड दिवस गेलेले वाटेगावचे अण्णाभाऊ आणि बार्शीचे अमर शेख. अमर शेखांचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय मैदान भरून टाकायचा, असं ऐकणारे सांगत. कलापथकावर बंदी आली, तरी लोकनाट्य म्हणून तमाशा चालू राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड गावोगाव गेली. बायको गावी सोडून मुंबईला आलेल्या गडी माणसाचं दुःख तिच्यात आहे आणि त्याच दुःखात दुभंगलेल्या मुलखाचं राजकारण. हजारो गिरणी कामगारांची बायको खरोखरच गावाला होती. राजकारण कळण्यासाठी त्यांना वेगळं भाषण लागलं नाही.

इथवर मी पुरुषांबद्दलच बोललो. झिलीचा सगळ्यांत जुना मामला खरं म्हणजे बायकांचा आहे. पहाटे जात्यावर दोघी बसतात. एक खुंटा, दोन हात. एकीने ओवी टाकायची, दुसरीने उचलायची. जातं जड असलं की एकटीला फिरत नाही, तसंच ओवीलाही दुसरी लागते. दिवसभर ज्या सुनेला मान वर करून बोलायची सोय नाही, ती अंधारात जात्याच्या घरघरीत सगळं बोलून टाकते. सासुरवास, माहेरची वाट, दूर गेलेला भाऊ, दारुडा नवरा, पंढरीचा विठू. पुढे बाबासाहेबही या ओव्यांत आले. जात्यापुढे श्रोते नाहीत, मंच नाही, टाळ्या नाहीत. पण समोर बसलेली जाऊ किंवा नणंद ती ओळ पुन्हा म्हणते, म्हणजे ऐकलं हे कबूल करते.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी 1980च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संस्थेने पुढे त्या लोकांसमोर आणल्या आणि अनेक गावांत जाऊन त्या बायकांना पुन्हा भेटून चित्रफिती केल्या. जातं गेलं, दळणाची गिरणी आली, त्याबद्दल कुणी हळहळ करू नये. बायकांचे खांदे सुटले. पण जात्याबरोबर ती दुसरीही गेली, ओळ उचलणारी. तिची जागा कुणी घेतली, हा प्रश्न समाजाने स्वतःला विचारलेला नाही.

आता थोडं आजच्या विज्ञानाबद्दल. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रौढांच्या शिकवणी वर्गांचे काही गट घेतले. काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांनी पाहिलं तर सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या सारखीच जवळ आली होती. फरक इतकाच, की गाणाऱ्यांची ओळख सगळ्यांच्या आधी झाली. म्हणजे गाण्याने चमत्कार होत नाही, पण अनोळखी माणसांमधला संकोच लवकर जातो. गावोगाव एका रात्रीपुरते जाणारे जलसेवाले हे शंभर वर्षांपूर्वी जाणून होते. त्यांच्याकडे सात महिने नव्हतेच.

विदर्भातलं एक उदाहरण सांगतो. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी 1949 साली आनंदवन उभं केलं, कुष्ठरोग्यांसाठी. बाबांचे चिरंजीव डॉ. विकास आमटे यांनी 2002 साली तिथल्या माणसांचा वाद्यवृंद काढला, स्वरानंदवन. अंध, अपंग, मूकबधिर आणि कुष्ठरोगातून बरी झालेली मंडळी त्यात गातात, वाजवतात, नाचतात. ज्यांना समाजाने गावाबाहेर काढलं, ती माणसं शहरांतल्या नाट्यगृहांत मंचावर उभी राहिली आणि तिकीट काढून लोक त्यांना बघायला आले. या कार्यक्रमांतून संस्थेच्या कामाला पैसा उभा राहिला. आजवर त्यांना दिलं जात होतं, आता तीच संस्थेच्या पोतडीत घालू लागली. दयेचा ओघ उलटा फिरला. संगीत ऐकवून रुग्णाचं मन रमवणं हे चांगलंच आहे, पण रुग्णाच्या हाती झांज देऊन त्याला 'तुझी वेळ तू चुकवू नकोस' म्हणणं हे त्याच्या पुढचं आहे.

आता कडू भाग. तो टाळला तर हे व्याख्यान खोटं ठरेल.

लोकांना आशा देणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय येतं? अण्णाभाऊ 18 जुलै 1969 रोजी गेले, हलाखीत. त्यानंतर सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. आज चौकाचौकांत अण्णाभाऊंचे पुतळे आहेत, हयातीत त्यांच्या घरात काय शिजत होतं याची चौकशी फार थोड्यांनी केली. आणि विलास घोगरे. मुंबईच्या झोपडपट्टीतला हा शाहीर, बेघर होणाऱ्यांची गाणी गाणारा. आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर' या माहितीपटात त्याचा आवाज आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, 10 माणसं मेली. चार दिवसांनी, 15 जुलैला, विलास घोगरेने आपलं जीवन संपवलं. 'जय भीम कॉम्रेड' हा पटवर्धनांचा माहितीपट तिथूनच सुरू होतो.

या घटनेतून कुणी असा निष्कर्ष काढू नये की गाणं कुचकामाचं आहे, आणि त्या मृत्यूला कुणी वीरश्रीचा मुलामाही देऊ नये. एका माणसाच्या मनात शेवटी काय होतं हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण आपल्याबद्दल मी बोलू शकतो. शाहीर गातो तेव्हा आपण झील धरतो, टाळ्या देतो, आणि कार्यक्रम संपला की घरी जातो. तो शेवटची एसटी चुकल्यामुळे स्टँडवर झोपतो. लोकांचं दुःख रोज अंगावर घेणाऱ्या माणसाचं दुःख कोण घेणार, याची काही व्यवस्था आपल्या चळवळींनी केली नाही, साहित्य संस्थांनी केली नाही, सरकारने मानधनाच्या योजना काढल्या, पण कागद जुळवताना म्हाताऱ्या कलावंताच्या चपला झिजतात. झील मंचावरच धरायची असते असं नाही. घरी जाऊन विचारपूस करणं, औषधाचे पैसे भरणं, गप्प झालेल्या माणसाला एकटं न सोडणं, हीही झीलच आहे. तुमच्यापैकी कुणाला आतून अंधारून येत असेल, तर त्यांनाही मी हेच सांगेन. एकट्याने सगळे चौक गायची सक्ती कुणावर नाही. कुणाला तरी हाक मारा, डॉक्टरकडे जा, ओळ दुसऱ्याच्या हाती द्या.

दुसरी एक तक्रार आजकाल सगळ्याच व्याख्यानांत असते, डीजेची. जयंतीला भिंती हादरवणारा आवाज लागतो, भीमगीतं त्यातच वाजतात, आणि म्हातारे म्हणतात संस्कृती बुडाली. मी त्या कोरसमध्ये जाणार नाही. वर्षभर दबून राहिलेल्या पोरांना एक रात्र मोकळं नाचावंसं वाटलं तर त्यात वावगं काय? माझी अडचण वेगळी आहे. त्या आवाजात कुणाचीच ओळ नसते. कितीही मोठ्याने म्हटलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही, आणि न म्हटलं तरी काही अडत नाही. पण तंत्राला सरसकट दोष देता येत नाही, याचा दाखला छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात. नवरा गेल्यावर हातात एकतारी घेऊन दारोदार भीमगीतं गाऊन त्यांनी मुलांना जगवलं. कुणीतरी मोबाइलवर त्यांचं गाणं टिपलं आणि तो आवाज घराघरांत पोचला. एक तार, एक गळा. लोकांनी तो ऐकून सोडून दिला नाही, आपल्या गावी बोलावलं, समोर बसून बरोबर गायले. मोबाइलने हाक पोचवली. ओ माणसांनी दिली.

शेवटचं उदाहरण लोकशाहीर विठ्ठल उमपांचं. ते 26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेले. कार्यक्रमाला गेलेले असताना मंचावरच कोसळले. वय 79. अशा मृत्यूचं आपल्याला कौतुक वाटतं. मला मात्र त्या वयापर्यंत रोज घराबाहेर पडायला लावणाऱ्या गोष्टीचं कौतुक वाटतं. पुढच्या गावाला दिलेला शब्द. म्हणून मला वाटतं, आशा ही आधी मनात येते आणि मग माणूस कामाला लागतो, असा जो आपला समज आहे तो गाणाऱ्यांच्या बाबतीत उलटा आहे. आधी तारीख ठरते, मग तालीम होते, चार माणसं जमतात, सूर लागतो, आणि आशा सगळ्यांत शेवटी, मागच्या दाराने आत येते.

आता समारोप करतो आणि जाताना वाचनालयाच्या कार्यकारिणीसमोर तीन सूचना ठेवतो. व्याख्यात्याच्या सूचना वृत्तान्तात छापून विसरायच्या असतात हे मला माहीत आहे, तरी ठेवतो.

पहिली, या तालुक्यातल्या जुन्या शाहिरांच्या, भजनी मंडळांच्या, गायन पार्ट्यांच्या वह्या अजून घरांत आहेत. पत्र्याच्या पेट्यांत, माळ्यावर, वाळवी लागलेल्या. त्यांच्यासाठी इथं एक कपाट द्या. वही घेताना नुसती वही घेऊ नका, त्या पार्टीत झील कोण धरत होतं, ढोलकीवर कोण होतं, ती नावंही लिहून घ्या. दुसरी, गुरुजींची रात्रशाळा बंद पडली असली तरी खोली शाबूत आहे आणि पेटीही. आठवड्यातून एक संध्याकाळ ती उघडी ठेवा. बेरोजगार पोरं, कर्जाने गांजलेले शेतकरी, एकट्या पडलेल्या विधवा, निवृत्त झालेले कामगार, कुणीही यावं. गाता येतं का असं दारात विचारू नका. झील धरायला गळा लागत नाही.

तिसरी सूचना कार्यकारिणीला आवडणार नाही. पुढच्या वर्षी समारोपाला व्याख्यान ठेवू नका, जलसा ठेवा. याच सभागृहात, याच तारखेला. व्याख्यात्याला मिळतं तेवढं मानधन झीलकऱ्यांसकट प्रत्येकाला द्या, जाण्यायेण्याची गाडी द्या, जेवण आधी द्या. आणि पत्रिकेत सगळ्यांची नावं एकाच टायपात छापा. मला बोलावलंत तर येईन, पण भाषण करणार नाही. मागे उभं राहायला जागा असली म्हणजे झालं.